टाचेखालचा उतार

"खुर्ची आणलीय ना मी! चांगली, हात असलेली. मग बसायला तुझं काय जातंय?"

"मी बसणार नाही."

"अगं, राणीसारखी दिसशील. मी मागे उभा, तुझ्या खांद्यावर हात. झाला फोटो! जगातले सगळे नवरा-बायको असेच फोटो काढतात."

"काढू देत. मी उभी राहणार."

"उभी राहणार म्हणे! आणि मी काय करू मग? स्टुलावर चढू?"

"चढा की. लग्नात खोक्यावर चढलाच होतात."

कातडं कापणारी रापी जागच्या जागी थांबली. कारागिराने मान वर केली. तो बैठकीवर मांडी घालून बसलेला, ती त्याच्यासमोर उभी. बसलेल्या माणसाला उभ्या माणसाकडे वर बघावंच लागतं, त्यात कुणाचा कमीपणा नसतो. पण आज त्याला तो लागला.

"हळू बोल. बाहेर गिऱ्हाईक असेल."

"नाहीये. आत्ताच बघून आले."

"मग भिंतीला कान असतील. काय झालंय काय तुला? काल त्या व्यायामवाल्या बाईकडे जाऊन आलीस आणि तेव्हापासून डोक्यावर बर्फ ठेवायची वेळ आणलीयस माझ्यावर. रात्री जेवली नाहीस, सकाळी माळ्यावर चढून खुडबूड, आता हे! दुकानाची नवी पाटी रंगवून तयार आहे, तिच्यावर लावायचा फोटो काढायला फोटोवाला येतोय, आणि बाईसाहेब म्हणतात, बसणार नाही!"

तिचे हात चाललेच होते. टेबलावरची दोऱ्याची रिळं तिने रंगांप्रमाणे लावली, मग विस्कटली, मग पुन्हा लावली.

दुकान पुढे, कारखाना मागे, मध्ये एक जाड पडदा. कारखाना म्हणायची आपली पद्धत. खरं तर ती एक लांबट खोली, तिच्यात लाकडी फर्म्यांची फळी, म्हणजे पायाच्या आकाराचे ठोकळे, ज्यांच्यावर बूट चढवून शिवतात. चिकटवायच्या सोल्युशनचा वास, जो आता दोघांनाही येईनासा झालेला. पडद्यामागे तो शिवतो, पडद्यापुढे ती माप घेते. गल्लीत तिला मापवाली म्हणतात. ठेंगण्या स्टुलावर बसायचं, समोरच्याचा पाय मांडीवरच्या फडक्यावर घ्यायचा, आणि फीत लावायच्या आधी नुसता अंगठा फिरवून सांगायचं, "तुम्ही उजव्या पायावर जास्त भार देता." लोक चाट पडतात. कुणाच्या बोटावर बोट चढलंय, कुणाची पोटरी आखडलीय, कुणी नवा नवा उभ्याचा जॉब धरलाय, सगळं तिला तळव्यावरून कळतं. कारागीर कौतुकाने म्हणायचा, "ही तोंडं विसरते. पाय विसरत नाही."

त्या ठेंगण्या स्टुलाचं तिला काय सुख होतं, ते मात्र तिने कधी कुणाला सांगितलं नाही. स्टुलावर बसलेल्या बाईची उंची कुणाला दिसत नाही.

लहानपणी तिचं नाव शिडी होतं. ते आधी चुलतभावाने पाडलं आणि मग सगळ्या घराने उचललं. वरच्या फळीवरचा डबा काढायचा असला की हाक यायची, "ए शिडी!" आणि काम झालं की तीच माणसं उसासे टाकायची. आई तर दर महिन्याला दाराच्या चौकटीशी उभी करून बघायची आणि कपाळावर हात मारायची. "अगं थांब ना आता! किती वाढशील? कपडे पुरेनात, आणि पुढे नवराही पुरायचा नाही." पाठच्या भावाची उंची मात्र त्याच चौकटीवर पेन्सिलीने रेघ मारून ठेवली जायची, आल्यागेल्याला दाखवायला. तोही ताडमाड. पण त्याचं ताडमाड म्हणजे रुबाब, हिचं ताडमाड म्हणजे घोर. एकाच आईची दोन लेकरं, एकच हाड. पण भावाला खुराक वाढायचा आणि हिला म्हणायचं, "दूध कमी पी."

म्हणून ती वाकायला शिकली. कुणी शिकवलं नाही. चालताना गुडघे किंचित सैल सोडायचे, उभं राहताना एका पायावर रेलायचं, बोलताना मान पुढे काढायची. कौतुकाने ऐकतेय असं वाटतं समोरच्याला. "फार नम्र आहे हो मुलगी," असं म्हणायचे लोक. नम्र कसली, बुटकी होण्याचा प्रयत्न चालला होता तिचा!

आणि मग हा बघायला आला. बसलेला होता तोवर काय बोलत होता! सगळी खोली हसवली. "मूर्ती लहान पण कीर्ती महान" असं हिचे मामा कौतुकाने म्हणाले, तर हा पटकन म्हणाला, "मामा, ही म्हण ज्याची मूर्ती लहान त्यालाच ऐकवतात. उंच माणसाला कुणी कीर्ती विचारत नाही." ती तोंडावर हात ठेवून हसली. मग तो उभा राहिला. तीही उभी राहिली. खोलीतलं हसणं तिथल्या तिथे विरलं. तो तिच्या कानाच्या पाळीपर्यंत येत होता.

त्याच्याकडून नकार येईल असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. तिच्या आधी त्याला तीन मुलींनी नाकारलं होतं. एकीने तोंडावर सांगितलं होतं, "पर्समध्ये घालून नेता येईल." पण त्याने होकार कळवला. आणि तिच्या घरच्यांनी, चला, एकदाची शिडी भिंतीला लागली म्हणून, दुसऱ्याच दिवशी.

संसार वाईट झाला नाही, हे आधी सांगायला हवं. हा माणूस हात उगारणारा नाही, पिणारा नाही, कंजूष नाही. तिला हसवायचं सोडलं नाही त्याने. पण दोघांच्या मध्ये तो उंचीतला फरक कायम उभा होता. तो स्वतःसाठी बूट शिवायचा ते आतून उंच. बाहेरून बघाल तर साधी टाच, आत मात्र लाकडाची पाचर बसवलेली, वरून मऊ अस्तर. ही त्याची खासियत पुढे दुकानाचं पोट भरू लागली. पुरुष गिऱ्हाइकं यायची, इकडे तिकडे बघायची, स्टुलावरच्या मापवालीकडे वाकून कुजबुजायची, "आतून."

"किती?" तीही कुजबुजायची.

"दोन बोटं?"

"मुलाखत आहे की लग्न?"

"लग्न."

"मग दीड घ्या. दोन बोटांनी चाल बदलते, बायका ओळखतात."

एक वकील होता, न्यायालयात ज्याचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. इथे मात्र तो इतकं हळू बोलायचा की दोनदा विचारावं लागे. एकदा माप देता देता म्हणाला, "बाई, टक्कल पडलं तर टोपी घालता येते, पोट सुटलं तर कोट घालता येतो. उंचीचं सोंग आणायला तुमच्याकडेच यावं लागतं." हसली ती. पण तो उठून गेल्यावर त्याच स्टुलासमोर एक ताठ नाकाची, बांबूसारखी मुलगी येऊन बसली आणि म्हणाली, "मला अगदी सपाट. कागदासारखं. टाच दिसलीच नाही पाहिजे." तिचंही माप घेतलं. पडद्यामागे दोघांच्या मापाचे तुकडे शेजारी शेजारी पडले. एकाच्या तळाला चढवायचं, दुसरीच्या तळाचं उतरवायचं. एकाच रापीने.

हे सगळं चालू असताना तिची पाठ दुखत होती. आधी दिवेलागणीला, मग दुपारपासून, मग उठता क्षणी. मानेखाली एक गोळा आला. लोकांना वाटलं, स्टुलावर बसून बसून. तिलाही तसंच वाटलं. मलम झालं, शेक झाला, पट्टा झाला. शेवटी काल ती व्यायामवाल्या बाईंकडे गेली.

बाई ठेंगण्या, गोल आणि खणखणीत. "उभ्या राहा भिंतीला पाठ लावून. टाच टेकवा. ढुंगण टेकवा, लाजू नका, इथे सगळ्यांना असतं. खांदे टेकवा. आता डोकं."

"टेकत नाही."

"टेकवा हो."

"नाही टेकत. भिंत मागे गेलीय."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी तिच्या हनुवटीला बोट लावलं, खांदे चाचपले, मग खाली बघितलं. "त्या चपला काढा जरा." एक चपल उचलून त्यांनी डोळ्यांच्या रेषेत धरली, सुतार फळी धरतो तशी. "ही कुठून घेतलीत?"

"घरच्याच आहेत. आमचे हे करतात."

"शेजारीण असती तर म्हटलं असतं, दुकान बदला." बाईंनी चपल टेबलावर ठेवली. "टाच पंज्यापेक्षा खाली आहे, दिसतंय का? तुम्ही जिथे जिथे चालता, तिथे तिथे चढावर उभ्या आहात. मागे कोसळू नये म्हणून अंग पुढे टाकता. किती वर्षं घालताय अशा?"

मापवालीने चपल हातात घेतली आणि आतल्या बाजूने अंगठा फिरवला. हजारो अनोळखी पायांवरून फिरलेला तो अंगठा. त्याला एका क्षणात कळलं. आपल्याच चपलेवरून तो कधी फिरला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

आज सकाळची माळ्यावरची खुडबूड त्यासाठीच होती. या घरात पादत्राण टाकून देत नाहीत. जुन्याचं कातडं, बक्कल, खिळा, काहीतरी कामाला येतंच. तिने आपल्या जुन्या चपला गोळा केल्या आणि एकेक करून जमिनीवर ठेवल्या. एकेकीत दोऱ्याचं रीळ आडवं ठेवायचं आणि सोडायचं. रीळ टाचेकडे घरंगळायचं. लग्नानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या जोडात हळूच, रमतगमत. मधल्या जोडांत जरा झपाट्याने. परवाच्या जोडात ते सुटलं आणि टाचेच्या कडेवरून उडी मारून माळ्याच्या कोपऱ्यात गेलं.

आणि उतरताना, शिडीवर उभी असताना, तिची नजर खाली कारखान्यात गेली. फर्म्यावर एक नवा जोड चढलेला होता. नाजूक पट्ट्यांचा, तपकिरी. लांब, अरुंद पायाचा फर्मा. तो पाय तिने लेकीच्या जन्माच्या दिवशी तळहातावर घेतला होता.

त्या पायाची मालकीण सोळाव्या वर्षी अशी सरसर वाढली होती की घरातले आरसे कमी पडायला लागले. घरी तिला काडी म्हणतात. हल्ली काडी दारात उभी राहायची ती एका पायावर रेलून. फोनवर बोलताना गुडघे सैल. मैत्रिणींच्या घोळक्यात मान पुढे. आई ते रोज बघत होती आणि दर वेळी छातीत काहीतरी सटकन हलायचं. कशामुळे ते तिला आज सकाळी, शिडीच्या मधल्या पायरीवर कळलं.

"बोल ना!" कारागीर म्हणाला. "मघापासून रिळं काय लावतेयस? दुकान काढायचंय का रिळांचं?"

तिने पायातली चपल काढली. टेबलावर ठेवली. लाल रीळ उचलून चपलेच्या मधोमध ठेवलं.

"सोडू का?"

त्याची नजर रिळावर खिळली.

"सोडू?"

"नको," तो म्हणाला. "कळलं कधी?"

म्हणजे नाही म्हटलं नाही त्याने. अगं काय बोलतेस, भलताच संशय, असं काही नाही. तिला वाटलं होतं निदान आव तरी आणेल. तिला बसावंसं वाटलं. पण समोर तीच हातवाली खुर्ची होती, म्हणून बसली नाही.

"माझ्या पायाखालची जमीन काढत होतात तुम्ही. दर जोडाला. दर वर्षी थोडी थोडी. आणि रात्री पाठीला मलम चोळून द्यायचात!"

"तूच म्हणाली होतीस."

"मी?"

"तूच. माझ्या मावसभावाच्या लग्नातून आलो त्या दिवशी. तिथे कुणीतरी विचारलं होतं, हे आई आणि मुलगा का? घरी येऊन तू आधी हसलीस. मग रडलीस. मग म्हणालीस, जरा टाच खाली घ्या हो माझी. आठवतंय?"

तिला आठवलं. तो हॉल, ती बाई, हातातली वाढलेली प्लेट. रडणं आठवलं. त्यानंतर आपण काय बोललो ते मात्र आत्ता, त्याच्या तोंडून ऐकल्यावर.

"एकदा म्हणाले असेन."

"थांबा असं कधी म्हणालीस?"

"चालू आहे हे मला ठाऊक तर हवं ना!"

"मला वाटलं ठाऊक आहे." त्याने रापी खाली ठेवली. आवाजातला चढ गेला होता. "तू कोण? मापवाली! अंगठा फिरवून माणसाचा जॉब सांगणारी. तुझ्या स्वतःच्या तळव्याखालचं तुला कळणार नाही, असं मला स्वप्नात तरी वाटेल का? मी दर वेळी जोड द्यायचो आणि तुझ्याकडे बघायचो. आता म्हणेल, आता म्हणेल. तू पाय सरकवायचीस आणि म्हणायचीस, छान झाल्यात. मी समजलो, हिला हवंय. मला लाज वाटू नये म्हणून बोलत नाही. मला तर... मला तर तुझं कौतुक वाटायचं गं."

"कौतुक!"

"हो, कौतुक! हसू नकोस."

ती हसत नव्हती. इतकी वर्षं एकाच खोलीत, एकाच पडद्याच्या दोन बाजूंना, दोघं एकमेकांची लाज झाकत होते, आणि त्याला वाटत होतं की तिला सगळं माहीत आहे.

"आणि मी काय सुखात आहे का?" तो एकदम म्हणाला. त्याने पाय पुढे केले, नाडी ओढली, एक बूट काढला, मग दुसरा, मग मोजे. ती घरातलं माणूस, पण असे भर दिवसाउजेडी त्याचे अनवाणी पाय तिने शेवटचे कधी बघितले होते? झोपतानाही तो मोजे घालायचा. थंडी वाजते म्हणायचा. पंजे पुढे दाबून दाबून चपटे झालेले. अंगठे आत वळलेले. करंगळ्यांवर घट्टे, दगडासारखे. तिच्या हाताने सवयीने पुढे होऊन एक पाय उचलला.

"हे बघ. ही कमाई. तू उतरतेस, मी चढतो. तुझी पाठ गेली, माझे पाय गेले. फिटंफाट झाली. आता बसशील खुर्चीत?"

तिने पाय खाली ठेवला. फर्म्याकडे बोट केलं.

"ते कुणाचे?"

त्याने मोजा उचलून झटकला.

"विचारतेय ना मी. ते कुणाचे?"

"तिनेच मागितले."

"काय म्हणाली?"

"काय म्हणणार? कॉलेजचा कार्यक्रम आहे. तिथे कुणीतरी सोबत उभा राहणार आहे, तो जरा... माझ्यासारखा आहे. म्हणाली, बाबा, आईला करतोस तशा कर."

"आईला करतोस तशा?" मापवालीचा आवाज खरखरला. "तिला माहीत होतं?"

"तिने रापी चालवताना बघितलंय मला. ती काय आंधळी आहे?"

म्हणजे घरात तिघं, आणि न कळलेली एकटी हीच. तिने जाऊन फर्मा उचलला. तळावर रापीचे ताजे घाव होते, टाचेकडे उतरत गेलेले. पाठीत, मानेखालच्या त्या गोळ्याच्या जागी, कुणीतरी बोट खुपसल्यासारखं झालं. हे आजचं काम. हे अजून पायात गेलं नाही. हे अजून नुसतं लाकूड आणि कातडं आहे.

"हे थांबवा."

"तिला सांग तू."

"तुम्ही केलंय, तुम्ही थांबवा!"

"मी नाही म्हटलं तर बाहेरून घेईल. बाहेरच्याला काय पडलंय? मी निदान हळूहळू उतरवतो, पाय दुखू नये असं..."

"पाय दुखू नये असं! अहो, पाठ मोडते त्याने! माझ्याकडे बघा!"

पुढच्या दाराची घंटी वाजली. पडदा हलला आणि काडी आत आली. खांद्यावर पिशवी, कपाळावर घाम. आधी तिने बापाचे उघडे पाय बघितले. मग टेबलावरची चपल, वरचं रीळ. मग आईच्या हातातला फर्मा. सोळा वर्षांच्या माणसाला खोलीतली हवा वाचता येते.

"झालं?" ती म्हणाली. "कळलं तुला?"

"तुला माहीत होतं आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"मला वाटलं तुमच्या दोघांचं ठरलेलं असेल. नवरा-बायकोचं असतं ना असं काहीतरी."

"काडी, या चपला तुला मिळणार नाहीत."

"आई, प्लीज. एक दिवस."

"माझाही एकच दिवस होता."

"तुझं वेगळं. तुझ्या वेळी लोक बोलायचे."

"आणि आता?"

"आता बोलत नाहीत. आता फोटो टाकतात आणि खाली हसतात." काडीने पिशवी खाली आपटली. "तुला माहितीये माझ्या वर्गात काय चालतं? मुलं सकाळी उठून दांडीला लोंबकळतात, उंच व्हायला. डबेच्या डबे पावडरी पितात. आणि मुलींपैकी कुणी उंच असली की, काय मग, वर हवा कशी आहे? तो बिचारा रोज लोंबकळतोय आई, माझ्यासाठी. मग मी चार बोटं खाली आले तर काय बिघडलं? त्याने एवढं करायचं आणि मी काहीच नाही?"

कारागिराने मान खाली घातली. हे वाक्य त्याला कुठेतरी ओळखीचं वाटलं असावं.

"सरळ उभी राहा," आई म्हणाली.

"काय?"

"सरळ. गुडघे ताण. मान वर कर."

"तू राहा ना!" काडी उसळली. "मला काय सांगतेस? तू एकदा तरी उभी राहिलीयस का बाबांशेजारी सरळ? घरात तरी? मी नाही बघितलं कधी. राहा. दाखव मला कसं दिसतं."

मापवालीने फर्मा खाली ठेवला. एका पायात चपल होती, तीही काढली. "उठा," ती नवऱ्याला म्हणाली.

"अगं, आत्ता कशाला..."

"उठा हो."

तो उठला. अनवाणी. ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि काल बाईंनी सांगितलं होतं तसं एकेक करत गेली. टाचा टेकवल्या. गुडघे ताणले. पाठीतून कळ गेली, ती दातांखाली धरली. खांदे मागे. मान वर. मान पूर्ण वर गेली नाही, पण जेवढी गेली तेवढी गेली. खोली वेगळीच दिसायला लागली. फर्म्यांच्या फळीवरची वरची धूळ दिसली. आणि शेजारी, खाली, नवऱ्याचा माथा दिसला. मधोमध पांढरं पडलेलं, विरळ झालेलं चक्र. कधी झालं हे? इतकी वर्षं त्याच्या चेहऱ्यासमोर चेहरा आणून बसलेल्या बाईचं त्याच्या माथ्याकडे कधी लक्षच गेलं नव्हतं.

"वरून कसा दिसतो मी?" त्याने विचारलं. थट्टेत विचारायला गेला, पण आवाज जमला नाही.

"टक्कल पडतंय तुम्हाला."

"ते एक बरं आहे. टोपी घालता येते." तो हसला. तीही हसली, आणि हसताना वाकली, आणि वाकलेलं लक्षात येऊन पुन्हा ताणून उभी राहिली. मग दोघांनी लेकीकडे बघितलं.

काडी बघत होती. आधी आईकडे, मग बापाकडे, मग दोघांकडे मिळून. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी येत होतं, जात होतं. खोटं बोलणं तिला लहानपणापासून जमत नाही.

"काय गं?" आईने विचारलं. "वाईट दिसतं?"

"वाईट नाही."

"मग?"

"विचित्र दिसतं." काडीच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं की कशाचं कोण जाणे. "सॉरी आई. पण दिसतं."

बाहेर कुणीतरी काउंटर ठोठावला. "आहे का कुणी? फोटोला आलोय! उजेड जाईल हो थोड्या वेळात!"

"आलो, आलो," कारागीर म्हणाला, आणि सवयीने बूट शोधायला खाली बसला. एक हाताशी आला, दुसरा टेबलाखाली गेला होता. त्याने बायकोकडे बघितलं. बूट घालू की नको, हा प्रश्न त्याने तोंडाने विचारला नाही.

तिने त्याच्याकडे बघितलंच नाही. पाठ आता थरथरत होती. एवढा वेळ सरळ उभं राहायची सवयच नव्हती तिला, पण ती तशीच उभी होती, भिंतीचा आधार न घेता. तिने फर्म्यावरची ती अर्धवट तपकिरी चपल ओढून काढली आणि लेकीसमोर धरली.

"विचित्र तर विचित्र. पण मला एवढं सांग. हे तुला पायात घालायचंय का अजून? नाही म्हणालीस तर आत्ता फाडते. हो म्हणालीस तर..." पुढचं तिला सुचलं नाही. "हो म्हणालीस तरी तोंडाने म्हण. माझ्यासारखी गप्प राहू नकोस. घालणार आहेस?"

काडीने चपलेकडे बघितलं. हात पुढे केला, तळावरच्या रापीच्या घावांवरून अंगठा फिरवला, अगदी आईसारखा, आणि हात मागे घेतला. तिने आईकडे वर बघितलं. तिला आईकडे वर बघायची वेळ याआधी कधी आली होती ते आठवेना.

"काडी?"

तिने खाली पडलेली पिशवी उचलली, खांद्याला अडकवली, आणि चपल आईच्या हातातच सोडून, एक शब्द न बोलता पडदा बाजूला सारून निघून गेली.